सेकंड टेनरची खुर्ची

माझ्या लग्नातल्या शालूनं जेवढा स्विंग ऐकलाय तेवढा सिंगापुरात दुसऱ्या कुणी ऐकला नसेल. कारण माझे सासरे सॅक्सोफोन वाजवायचे ते माझ्या कपाटात तोंड घालून. सेरंगूनच्या आमच्या सरकारी एचडीबी फ्लॅटच्या भिंती पातळ, टेनर सॅक्सोफोनचा आवाज जाडजूड, आणि खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींना दुपारी झोप लागते. तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच तोड काढली. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, हँगरला लटकणाऱ्या साड्यांसमोर उभं राहायचं आणि वाद्य आतल्या बाजूला वळवून फुंकायचं. साड्या आवाज पिऊन टाकतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी ऑफिसातून लवकर घरी आले आणि हे दृश्य पाहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिस," ते म्हणाले. "तुझ्या साड्यांवर थुंकी उडत नाही हां, काळजी करू नकोस."

उडायची. पण मी मूग गिळून गप्प बसले, आणि हे मला फारसं जमत नाही.

खरी गंमत वेगळीच होती. ते जे वाजवायचे त्यात गाणं सापडायचंच नाही. दोन-तीन लांब सूर, मग शांतता, शांततेत नुसता पायाचा ठेका, मग पुन्हा दोन सूर, तेही वर जातील असं वाटावं तर तिथल्या तिथेच घुटमळायचे. वरच्या मजल्यावरची आंटी लिफ्टमध्ये भेटली की कौतुकानं विचारायची, "युवर फादर प्ले व्हेरी नाइस. बट व्हॉट साँग, आह?" माझी लेक तर तोंडावरच म्हणायची, "आजोबा, व्हेअर इज द मेलडी लाह?" आजोबा हसायचे. "मेलडी दुसऱ्याकडे असते बाळा," म्हणायचे आणि पुन्हा कपाटाकडे वळायचे.

ते सेकंड टेनर होते. म्हणजे काय, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. डान्स बँडमध्ये सॅक्सोफोनवाले एका रांगेत बसतात, त्या रांगेला म्हणायचं सेक्शन. पहिला आल्टो, म्हणजे चढ्या आवाजाच्या छोट्या सॅक्सोफोनवाला, सगळ्यात वरची चाल वाजवतो, लोकांना ऐकू येते ती तीच. बाकीचे तिच्याखाली आपापले सूर धरून असतात. सेकंड टेनर अगदी मधला. त्याच्या वाट्याला चालीतलं काहीच येत नाही. "तुमच्या पुणेरी आमटीतला गूळ," ते मला एकदा म्हणाले. "आहे म्हणून कुणी वाहवा करत नाही. नसला की सगळे विचारतात, आज काय बिघडलंय?"

मुंबईत पोलिसांच्या बँडात असलेल्या काकांनी त्यांना क्लॅरिनेट शिकवलं, नोटेशन वाचायला शिकवलं, आणि विशीच्या आतच ते एका हॉटेलच्या डान्स बँडमध्ये लागले. तेव्हा जगात इतरत्र स्विंगची, म्हणजे या नाचाच्या जॅझची, सद्दी संपत आली होती. आमचे सासरे म्हणजे वरातीमागून घोडं. पण हॉटेलांमध्ये नाच चालू होता, बँडला पांढरे कोट होते, आणि गोव्याच्या मंडळींच्या रांगेत हा एकटा मराठी मुलगा टेनर घेऊन बसायचा. पुढे गिटारवाले आले, हॉटेलांनी मोठे बँड मोडले, मग सासरे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. तिथेही सेकंड टेनर. हजारो लोकांनी गुणगुणलेल्या गाण्यांत ते आहेत, पण कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक. घरात बँडचा एक जुना फोटो आहे. त्यात त्यांचा एक कान आणि अर्धा खांदा आलाय, बाकीचे ते म्युझिक स्टँडच्या मागे. हा फोटो ते पाहुण्यांना फार अभिमानानं दाखवतात.

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं. विमानात सॅक्सोफोनची पेटी त्यांनी वर ठेवू दिली नाही. मला भीती होती की कलाकार माणूस, नखरे असतील. कसले नखरे! हा माणूस घरातसुद्धा सेकंड टेनर. टेबलाच्या कडेच्या खुर्चीत बसणार, सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत घास उचलणार नाही, आणि मग माझ्याकडे बघणार. मी मान हलवली की जेवायला सुरुवात. हे बँडमास्तरच्या इशाऱ्याचं उरलेलं, असं नवऱ्यानं समजावलं. मला मात्र रोज वाटायचं, अहो, जेवा की. माझ्या वडिलांच्या घरी प्रत्येक जण पहिला आल्टो होता, आठ जण एकदम बोलायचे. त्यामुळे असल्या माणसावर जीव जडायला मला वेळ लागला नाही, आणि त्याच्यावर चिडायलाही.

चिडण्याचं निमित्त ठरला गणपती. बुओना व्हिस्टाला आमच्या एका मित्राचा कॉन्डो आहे, त्याच्या फंक्शन रूममध्ये दरवर्षी गणपतीत आम्ही पंधरा-वीस मराठी कुटुंबं जमतो. आरती, मोदक, मग मुलांचे नाच आणि मोठ्यांची गाणी. त्या वर्षी मीच सुचवलं की बाबा सॅक्सोफोन वाजवतील. मित्रानं माइकवरून "चित्रपटसृष्टीतले ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक" असं दणक्यात सांगितलं. सासरे माझ्या कानाशी पुटपुटले, "सेकंड टेनर म्हणावं." मी दुर्लक्ष केलं.

एक गाजलेलं जुनं गाणं त्यांना वाजवायचं होतं, सगळ्यांना येणारं. ते उभे राहिले, डोळे मिटले, आणि पायानं ठेका धरला. बराच वेळ नुसताच पाय हलत होता. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी तीन सूर वाजवले, खोल, सुंदर, आणि थांबले. पुन्हा पाय. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्येच त्यांनी पुढचे दोन सूर वाजवले. तेवढ्यात कळलं की हा माणूस चाल वाजवतच नाहीये. स्टुडिओत त्या गाण्यात त्यांच्या वाट्याला जे आलं होतं तेवढंच, मधल्या शांततेसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतोय. गायिका नाही, व्हायोलिनं नाहीत, नुसता गूळ.

मागच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "वय झालं हो त्यांचं. विसरायला होतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना मात्र काही पत्ताच नव्हता. घरी येताना म्हणाले, "एक सूर चुकला नाही बघ. इतक्या वर्षांनी."

"बाबा, पण चाल का नाही वाजवलीत? लोकांना कळलं असतं."

"ती माझी नाही," ते म्हणाले. एवढंच.

मला रडू आलं त्यांच्यासाठी. ज्या माणसानं सगळं आयुष्य फुंकण्यात घालवलं त्याला कुणीतरी एकदा ऐकावं, एवढंच मला हवं होतं. मागच्या रांगेतल्या त्या बाईनं ऐकावं असं तर फारच वाटत होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी दातांचं निघालं. वरचे पुढचे दात हलायला लागले होते, हिरडी सुजायची, त्यात मधुमेह. सेरंगूनच्या मॉलमधल्या डेंटिस्टनं एक्स-रे बघितला आणि सांगितलं, पुढचे सगळे काढावे लागतील, जितक्या लवकर तितकं बरं. तरुण मुलगी होती, गोड बोलायची. "अंकल, आफ्टर दॅट वी मेक नाइस डेंचर फॉर यू, कॅन ईट एनीथिंग." सासऱ्यांनी विचारलं, "कॅन प्ले सॅक्सोफोन?" ती गोंधळली. मलाही तोवर माहीत नव्हतं. सॅक्सोफोनच्या माउथपीसवर, म्हणजे फुंकायच्या टोकावर, वरचे पुढचे दात टेकवायचे असतात, सगळा भार त्यांच्यावर. कवळी घालून वाजवणारे असतात म्हणे, पण त्यांनी ती सवय ताकद असताना लावलेली असते. शहाऐंशीव्या वर्षी नव्यानं कोण शिकणार?

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "पुढच्या आठवड्यातच उरकून टाकू." तो बँकेत जोखीम मोजायचं काम करतो, त्याला सगळीकडे जोखीमच दिसते. या वेळी मात्र ती खरी होती. सासरे शांतपणे म्हणाले, "काढा. पण त्याआधी एकदा मला सेक्शनमध्ये बसायचंय."

एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. डेंटिस्टनं अँटिबायोटिक्स देऊन महिनाभराची सवलत दिली, त्यापुढे एक दिवस नाही असं बजावून. आणि मी पदर खोचला. म्हणजे लॅपटॉप उघडला.

सेम्बावांगच्या एका कम्युनिटी क्लबात शनिवारी दुपारी एक हौशी स्विंग बँड तालीम करतो, असा शोध लागला. निवृत्त लोक, शाळेतले शिक्षक, दोन-चार ऑफिसवाले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते खालच्या हॉलमध्ये वाजवतात आणि आजूबाजूच्या ब्लॉकमधली म्हातारी जोडपी येऊन नाचतात. सासरे आणि मी गेलो. बँडमास्तर सत्तरीचे चिनी गृहस्थ, गळ्यात टॉवेल. सासऱ्यांच्या हातातली पेटी बघून त्यांनी आनंदानं बसायला सांगितलं, ऐकायला. कारण सॅक्सोफोनच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. सेकंड टेनरच्या खुर्चीवर एक धिप्पाड मलय अंकल होते, शिपयार्डातून निवृत्त झालेले.

सासऱ्यांनी पेटी मांडीवर घेतली आणि दोन तास ऐकलं. पेटी उघडली नाही. फक्त खिशातून रीड काढून तोंडात धरली. रीड म्हणजे माउथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी, ती ओली ठेवावी लागते. आइस्क्रीम संपल्यावर काडी चोखत बसावं तसे ते दिसत होते.

"बाबा, मी विचारू का त्यांना? एक गाणं बसू देतील."

"खबरदार," ते म्हणाले. आवाज चढवताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "दुसऱ्याची खुर्ची मागत नाहीत."

"मग एक खुर्ची जास्त लावतील. त्यात काय बिघडतं?"

"एकाच भागाला दोघं झाले की तोच वर येतो, बाकीचे दबतात. ते बोलावतील तेव्हा बसायचं."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर नाही."

पुढचा शनिवारही तसाच गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात हिरडी पुन्हा सुजली, गाल टम्म झाला, ते पेज पिऊन राहिले. नवऱ्याचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, त्यांच्या हट्टापायी जिवावर बेतेल. मी म्हणाले, या माणसानं आयुष्यात हट्ट केलाय तरी कधी? आतल्या खोलीत सासरे हे ऐकत होते, आणि त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं आम्ही भांडत होतो. सूज उतरली, पण डेंटिस्टनं सोमवारची वेळ पक्की केली. मधे एकच शनिवार उरला, नाचाचा.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या नकळत ऑफिसातून बँडमास्तरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, दात, सोमवार, हॉटेलचे बँड, सगळं. ते हळहळले. "नो चेअर, मॅडम, बट आय गिव्ह हिम सोलो! स्पेशल गेस्ट!" मी हवेत तरंगतच घरी आले आणि सासऱ्यांना सांगितलं. वाटलं, आता यांचे डोळे भरून येतील.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "छान आहेत ते गृहस्थ," म्हणाले. "नाही म्हणून सांग."

"बाबा! सगळा हॉल तुम्हाला ऐकेल. एकट्या तुम्हाला!"

"एकटा तर मी रोज वाजवतो गं," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. आदळता आदळता मला त्यांचं म्हणणं पटत गेलं आणि त्याचाच जास्त राग आला. ऐकणारा मी शोधत होते. त्यांना हवे होते बरोबरचे.

शनिवारी तरीही आम्ही गेलो. हॉल भरला होता, पंखे फिरत होते, फुलाफुलांचे शर्ट घातलेले अंकल आणि नाचाचे बूट पिशवीतून आणलेल्या आंट्या. सासरे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पेटी मांडीवर घेऊन बसले होते, तोंडात रीड. पहिला भाग झाला. मध्यंतर झालं, चहा आणि करीपफ वाटले. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

मध्यंतरानंतर सगळे जागेवर बसत असताना शिपयार्डवाले अंकल आमच्याकडे आले. एक हात कमरेवर. "अंकल, टुडे माय बॅक पेन लाह. यू हेल्प मी सिट माय चेअर, कॅन?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बँडमास्तरांकडे. बँडमास्तर टॉवेलनं मान पुसत दुसरीकडेच बघत होते, मुद्दाम. फोनवरचं सगळं त्यांनी अंकलना सांगितलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. सासरे उठले. त्यांनी पेटी उघडली आणि वाद्य गळ्यात अडकवलं. पाठदुखीवाले अंकल नंतर एका हातात दोन-दोन खुर्च्या उचलून नाचायला जागा करून देत होते. असल्या खोटेपणावर मी जीव ओवाळून टाकीन.

बँड सुरू झाला. मी कान टवकारून त्यांचा सूर शोधायला लागले. इतकी वर्षं घरात ऐकलेला आवाज, मला तो झोपेतसुद्धा ओळखता आला असता. सापडला नाही. सॅक्सोफोनची ती रांग एकच मोठा, ऊबदार आवाज होऊन वाजत होती आणि सासरे त्यात कुठेतरी मिसळून गेले होते. त्यांचा चेहरा मात्र दिसत होता. सासूबाई गेल्यापासून तो तसा मी पाहिला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात मधे नुसता ड्रम वाजतो, बाकी सगळे थांबतात, आणि मग सॅक्सोफोनांनी एकदम उठायचं असतं. पहिला आल्टो वाजवणारी एक शाळेतली शिक्षिका होती. सासरे पायानं मोजत होते. मला दिसलं, त्या बाईंनी खांदा उचलून श्वास घेतला, आणि त्याच क्षणी सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. अर्धा क्षण. मग त्यांनीही श्वास घेतला आणि सगळे मिळून वाजवायला लागले. ड्रमवाला दचकला, बँडमास्तरांनी डोळे वटारले, पियानोवाल्यानं धावतपळत त्यांना गाठलं. नाचणाऱ्या एका आजोबांचं पाऊल आजींच्या पायावर पडलं. सॅक्सोफोनवाले एक मात्रा आधी घुसले होते, सगळेच्या सगळे, पण इतके एकजुटीनं की शेवटी सबंध बँडलाच त्यांच्याबरोबर जावं लागलं. गाणं संपल्यावर ती शिक्षिका तोंडावर हात घेऊन हसत सुटली, आणि सगळा सेक्शन खो-खो हसायला लागला. सगळ्यात जास्त हसत होते माझे सासरे, ते हलणारे दात दाखवत.

परत येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली. पेटी त्यांच्या पायांत. ते दमले होते, ओठाला थोडं रक्त लागलं होतं, ते मी रुमालानं पुसलं. मग न राहवून विचारलं, "बाबा, त्या बाई आधी घुसताहेत हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं की."

"मग थांबायचं ना. तुमचं तरी बरोबर आलं असतं. शेवटचं..."

ते म्हणाले, "सेक्शन चुकला तर सेक्शनबरोबर चुकायचं असतं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात." मग बाहेरच्या ब्लॉक्सकडे बघत, "आणि आज मला एकट्यानं बरोबर यायचं नव्हतं, सूनबाई."

मी त्यांचा हात हातात घेतला. आमच्या घरात सून सासऱ्यांचा हात धरत नाही. बिशानला उतरून गाडी बदलायची होती, गर्दी होती, पेटी होती. मी तिथेही तो सोडला नाही.